न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजी : टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश

दरवर्षी वर्गात लोकमान्य टिळकांचा धडा येतो. मुलांना १९०८ चा खटला माहीत असतो, सहा वर्षांची शिक्षा माहीत असते, मंडाले माहीत असतं. त्याच्या अकरा वर्षं आधी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला होता हेही काही मुलं सांगतात. पण त्या पहिल्या खटल्यात टिळकांना जामिनावर सोडणारे न्यायाधीश कोण होते, असं विचारलं की वर्ग गप्प. मुलंच कशाला, स्टाफरूममध्येही हाच प्रश्न टाकला तर फारसं वेगळं चित्र दिसत नाही. ते न्यायाधीश होते मरहूम बद्रुद्दीन तैयबजी. मुंबई हायकोर्टाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती, राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष आणि मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या घरांत हे नाव ऐकलेलं असतं, पण बहुतेक वेळा फक्त नावच. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहोत.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईतला. घराणं सुलेमानी बोहरा, मूळचं गुजरातेतल्या खंबायतचं. वालिद मुल्ला तैयब अली हे व्यापारी. स्वतःच्या कष्टाने मुंबईत उभे राहिले, परदेशाशी व्यापार केला, आणि त्यातून त्यांना एक गोष्ट कळली जी त्या काळात भल्याभल्या श्रीमंतांना कळत नव्हती. येणारा जमाना इंग्रजी जाणणाऱ्याचा आहे, हे त्यांनी ओळखलं. तेव्हा आपल्या समाजात इंग्रजी शिकणं म्हणजे दीन सोडण्याची पहिली पायरी असं मानणारे कमी नव्हते. तैयब अलींनी कुणाशी वाद घातला नाही. मुलगे एकामागून एक युरोपात पाठवले. थोरले कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. तिथे सॉलिसिटर म्हणून नोंदले गेलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

या घराची आणखी एक गोष्ट आम्हाला उर्दूचे शिक्षक म्हणून फार आवडते. घरची बोली गुजराती होती. पण आपला संबंध फक्त आपल्या जमातीपुरता न राहता हिंदुस्तानातल्या सगळ्या मुसलमानांशी जोडला जावा, या विचाराने या कुटुंबाने घरात उर्दू बोलायची असं ठरवलं आणि ते पाळलं. कुटुंबातल्या घडामोडी लिहून ठेवायच्या वह्या असायच्या. बायका, मुली, लहान मुलं सगळे त्यात लिहायचे, आणि तेही उर्दूत. आज आपल्या घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलावं यावरून नवराबायकोत वाद होतात. त्या घरात भाषेचा निर्णय घेऊन तो पिढ्यानपिढ्या चालवला गेला.

बद्रुद्दीन यांचं सुरुवातीचं शिक्षण मदरशात झालं. उर्दू, फारसी तिथे पक्की झाली. मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. लहानपणापासून डोळ्यांचा त्रास होता, उपचारासाठी फ्रान्सला पाठवण्यात आलं. १८६० साली, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले. वडिलांनी बरोबर हिंदुस्तानचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांच्या नावे ओळखीचं पत्र दिलं होतं. लंडनमध्ये शाळा झाली, लंडन विद्यापीठाची मॅट्रिक झाली, आणि १८६३ मध्ये मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत प्रवेश मिळाला. त्याच वर्षी वडील वारले. डोळे पुन्हा बिघडले. १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून मुंबईला परतावं लागलं.

इथे बरेच जण थांबले असते. वडील नाहीत, नजर साथ देत नाही, घरी व्यापार आहेच. पण वर्षभराने ते पुन्हा बोटीत बसले. तेव्हा सुएझ कालवा झालेला नव्हता, प्रवास म्हणजे काही आठवड्यांची हालअपेष्टा. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत आले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. वय तेवीस.

हायकोर्ट स्थापन होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. तिथली पद्धत अशी की पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जातो, सॉलिसिटर कागदपत्रं तयार करतो आणि कोर्टात उभं राहायला बॅरिस्टर नेमतो. बॅरिस्टर सगळे गोरे. पक्षकार हिंदी असला तरी त्याला वाटायचं की गोऱ्या जज्जसमोर गोराच वकील चालेल. म्हणजे अडचण फक्त इंग्रजांची नव्हती, आपल्याच लोकांच्या मनातली होती. थोरले भाऊ सॉलिसिटर असल्याचा आधार होता हे खरं, पण भावाच्या आधाराने दोन वर्षं निघतात, तीस वर्षं नाही. बद्रुद्दीन यांनी उलटतपासणीत नाव कमावलं. आवाज न चढवता, साक्षीदाराला न धमकावता, एकेक प्रश्नाने त्याला सत्यापर्यंत आणायचं ही त्यांची रीत. हळूहळू मुंबईच्या पहिल्या फळीच्या वकिलांत त्यांची गणना होऊ लागली.

वकिलीत जम बसेपर्यंत ते सार्वजनिक कामापासून लांबच राहिले. आमच्या मते हे शहाणपणाचं होतं. आधी स्वतःचे पाय रोवले, मग समाजासाठी उभे राहिले. १८७३ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आले. पुढे विद्यापीठाच्या सिनेटवर गेले आणि तिथे जवळजवळ आयुष्यभर राहिले. १८८२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमणूक झाली. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. हिंदी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा की नाही, एवढाच तो प्रश्न होता, पण गोऱ्या लोकांनी देशभर आकाशपाताळ एक केलं. तेव्हा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये जी सभा झाली तीत तैयबजी, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिघे बोलले. एक मुसलमान, एक पारशी, एक हिंदू. तिघेही कायद्याचे लोक. १८८५ च्या सुरुवातीला याच तिघांनी पुढाकार घेऊन बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

त्या पहिल्या अधिवेशनाला बहात्तर प्रतिनिधी होते. मुसलमान फक्त दोन. हा आकडा नजरेसमोर ठेवला म्हणजे पुढचं सगळं समजतं. दोन वर्षांनी, १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला तिसरं अधिवेशन होतं आणि अध्यक्ष म्हणून बद्रुद्दीन तैयबजींना बोलावलं गेलं. या वेळी प्रतिनिधी सहाशेच्या वर होते. अध्यक्षपदावरून त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं की प्रत्येक समाजाचे आपापले वेगळे प्रश्न असतात आणि ते त्या समाजाने आपापल्या जागी सोडवावेत. पण जे प्रश्न सगळ्या हिंदुस्तानचे आहेत, कर, कायदे, कारभार, त्यांच्यासाठी मुसलमानांनी इतरांच्या खांद्याला खांदा लावून काम का करू नये, हे आपल्याला समजत नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसच्या विरोधात जाहीर भाषण केलं. अलीगढचे सर सय्यद म्हणजे तेव्हाच्या मुसलमानांतलं सर्वात मोठं नाव. कलकत्त्याचे सय्यद अमीर अली आणि नवाब अब्दुल लतीफ हेही काँग्रेसपासून दूर होते. म्हणजे उत्तर आणि पूर्व हिंदुस्तानातले सगळे वजनदार मुस्लिम नेते एका बाजूला आणि मुंबईचे तैयबजी दुसऱ्या बाजूला. पुढचे काही महिने पत्रव्यवहार चालला. भाषा दोन्ही बाजूंनी अदबीची, पण मतभेद खोल. सर सय्यद यांचं म्हणणं असं की शिक्षणात मागे असलेला समाज संख्येच्या राजकारणात उतरला तर बुडेल. तैयबजींचं म्हणणं असं की बाहेर राहिलो तर आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याशिवाय होतील. आत राहावं आणि आपल्याला जे मान्य नाही ते आतून अडवावं.

हे नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांच्या आग्रहामुळे १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने नियमच केला की ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. अल्पसंख्याकांच्या हाती नकाराचा अधिकार देणारा हा नियम एका वकिलाच्या डोक्यातून आलेला दिसतो, आणि तो तसाच होता.

पण एक गोष्ट लपवून उपयोग नाही. त्याच १८८८ च्या ऑक्टोबरात तैयबजींनी काँग्रेसचे सरचिटणीस ह्यूम यांना पत्र लिहून सुचवलं होतं की बहुसंख्य मुसलमान विरोधात आहेत हे आता दिसतंच आहे, तेव्हा निदान पाच वर्षं काँग्रेसची अधिवेशनं थांबवावीत. मुसलमानांना बरोबर न घेता ही संस्था राष्ट्रीय म्हणवून घेऊ शकत नाही, असा त्यामागचा विचार. ही सूचना कुणी मानली नाही. काही अभ्यासक याला माघार म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. ज्याने दोन्हीकडून बोल खाल्ले त्याच्या मनात शंका येणारच. शंका आली ती त्यांनी तोंडावर सांगितली आणि नकार मिळाल्यावर रुसून सर सय्यद यांच्या गोटात गेले नाहीत.

आता अंजुमनबद्दल. मुंबईला व्हीटी स्टेशनसमोर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, घुमट आणि कमानींची एक सुंदर इमारत आहे. रोज लाखो लोक तिच्यासमोरून लोकल पकडायला धावतात. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. अंजुमनची सुरुवात १८७४ ची. कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन हे दोघे तैयबजी बंधू, नाखुदा मोहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मोहम्मद अशी मंडळी एकत्र आली. नावं पाहा. बोहरा आहेत, आपले कोकणी मुसलमान आहेत. तेव्हा जमात-जमातीत रोटीबेटी सोडा, एकत्र बसणंही कमी होतं. हे लोक मुलांच्या तालीमसाठी एकत्र बसले.

१८८० मध्ये शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षक तीन आणि विद्यार्थी सव्वाशेच्या आसपास. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे या तीन शिक्षकांचा विचार बऱ्याचदा मनात येतो. सव्वाशे मुलं, बहुतेक घरात शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि बाहेर कुजबुज की इथे मुलांना इंग्रज बनवतात. शाळेत उर्दू, फारसी, दीनी तालीम ठेवली आणि बरोबर इंग्रजी, गणित. बद्रुद्दीन आधी सेक्रेटरी होते, कमरुद्दीन यांच्यानंतर अध्यक्ष झाले आणि मरेपर्यंत राहिले. वकिली ऐन भरात असताना संध्याकाळी शाळेचे हिशेब, सरकारकडे अनुदानासाठी अर्ज, महापालिकेकडे पाठपुरावा, व्यापाऱ्यांकडे चंदा. १८९३ मध्ये शाळा सध्याच्या इमारतीत आली. मुस्लिम तरुणांना बसायला-उठायला, खेळायला जागा हवी म्हणून इस्लाम क्लब आणि इस्लाम जिमखाना उभे राहिले, त्यातही त्यांचा हात होता.

जून १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. वय पन्नास. या जागेवर बसलेले पहिले मुसलमान. खुर्चीवर आल्यावर राजकारणाचं व्यासपीठ सुटलं, पण आपला भूतकाळ त्यांनी झटकून टाकला नाही. असं सांगतात की एकदा त्यांच्या कोर्टात एका गोऱ्या वकिलाने बोलता बोलता काँग्रेसबद्दल तुच्छतेने काही म्हटलं. न्यायमूर्तींनी त्याला तिथेच थांबवलं आणि सुनावलं की आपण त्या काँग्रेसचे अध्यक्ष होतो आणि तो मान आपल्याला या न्यायासनापेक्षा मोठा वाटतो.

आणि मग १८९७ उजाडलं. मुंबई-पुण्यात प्लेग. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जर घराघरांत घुसून तपासणी करत होते, लोक चिडलेले होते. १२ जूनच्या सुमारास पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यातल्या भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या मुखी घातलेली एक कविता १५ जूनच्या ‘केसरी’त छापून आली. अफझलखानाला मारलं हे योग्य की अयोग्य, याची चर्चा त्या भाषणांत होती. एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने दोन गोष्टींचा धागा जोडला आणि २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक केली. कलम १२४ अ, राजद्रोह. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यासमोर अर्ज गेला, तिथेही त्या टप्प्यावर नकार मिळाला. रानडे म्हणजे महादेव गोविंद रानडे, पुण्याचेच. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ४ ऑगस्टला पुन्हा अर्ज झाला, आणि या वेळी समोर न्यायमूर्ती तैयबजी होते. टिळकांतर्फे बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरलनी कडाडून विरोध केला.

जरा विचार करा, त्या दिवशी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर किती बाजूंनी दाब होता. सरकार संतापलेलं. गोऱ्यांची वृत्तपत्रं रोज पुण्याच्या ब्राह्मणांना ठेचा म्हणून ओरडत होती. आरोपीचं लिखाण शिवाजी-अफझलखानाबद्दल. चारच वर्षांपूर्वी मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झालेला, आणि त्यानंतर सार्वजनिक गणेशोत्सवावरून पुण्यात दोन्ही समाजांत कडवटपणा आलेला. टिळकांच्या त्या वेळच्या भूमिका तैयबजींना पटणाऱ्या होत्या असं कुणी म्हणणार नाही. नरमदिली, सनदशीर वळणाचा हा माणूस. जामीन नाकारायला कारणं शोधावी लागली नसती. दोन ठिकाणी आधीच नाकारला गेला होता, तिसऱ्याने नाकारला तर कुणी नावही घेतलं नसतं.

त्यांनी जामीन दिला. त्यांनी मांडलेला विचार आपल्या भाषेत सांगायचा तर असा. जामिनाच्या वेळी आरोपी चांगला की वाईट, त्याची मतं काय, हे पाहायचं नसतं. पाहायचं एवढंच की खटल्याच्या दिवशी हा माणूस कोर्टात हजर राहील का. टिळकांसारखा माणूस पळून जाईल असं मानायला आधार नाही. खटला सुरू व्हायला महिन्याच्या वर अवधी आहे. तेवढे दिवस त्यांना तुरुंगात ठेवलं आणि शेवटी ते निर्दोष ठरले, तर तो अन्याय भरून कसा काढणार? शिवाय एवढ्या गंभीर आरोपाचा बचाव तयार करायला माणूस मोकळा असायला हवा. तेव्हा भक्कम जामीनदार घेऊन सोडावं.

मुंबईचे व्यापारी द्वारकादास धरमसी जामीनदार म्हणून पुढे आले आणि टिळक बाहेर आले. मिळालेल्या महिन्यात बचावाची तयारी झाली, बंगालमधून वर्गणी जमली, कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला सुरू झाला. ज्युरीत नऊ जण, सहा गोरे आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे जामिनाने टिळक सुटले नाहीत. मिळाला तो फक्त एक महिना. पण कायद्याने तो महिना त्यांचा होता आणि तो त्यांना एका मुसलमान न्यायाधीशाने दिला.

या गोष्टीला पुढे एक विचित्र वळण आहे. १९०८ मध्ये टिळकांवर दुसरा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनाचा अर्ज मांडायला एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला, मोहम्मद अली जिना. त्यांनी न्यायमूर्ती तैयबजींच्या ११ वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा आधार घेतला. समोर न्यायाधीश कोण? तेच दिनशा दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून तो जामीन मिळवला होता. न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षाही त्यांनीच सुनावली. ज्या युक्तिवादाने आपण जिंकलो तोच युक्तिवाद खुर्चीवर बसल्यावर त्यांना पटला नाही. वकील असताना सांगितलेली तत्त्वं न्यायाधीश झाल्यावर सगळ्यांकडून पाळली जातात असं नाही.

आज आपल्यापैकी किती घरांना कच्च्या कैदेचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही, हे इथे वेगळं सांगायची गरज नाही. महिनोन् महिने तारखा पडतात, घरातला कमावता आत असतो आणि आरोप सिद्ध झालेला नसतो. वकील मंडळी आजही जामिनाच्या अर्जात जे मुद्दे मांडतात, पळून जाणार नाही, बचावाची तयारी करायची आहे, सुटला तर गेलेले दिवस कोण परत देणार, ते सगळे मुद्दे १८९७ च्या त्या ऑगस्टमध्ये मुंबईत मान्य झालेले होते.

सरकारने याचा राग धरला असता तर नवल नव्हतं. पण १९०२ मध्ये मुख्य न्यायाधीशांच्या जागी हंगामी काम पाहण्याची वेळ आली तेव्हा ती जबाबदारी तैयबजींकडेच आली. मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी माणूस.

घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होणार नाही. त्यांच्या पत्नी राहत-उन-नफ्स. मुलंमुली बरीच. बद्रुद्दीन यांनी मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवलं. त्या काळात शरीफ घराण्यातली मुलगी शाळेत जाते म्हणजे घराण्याची अब्रू गेली असं बोललं जायचं. त्यांनी सगळ्या मुलींना मुंबईत शिकवलं, आणि १९०४ मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत पाठवलं. १९०३ च्या डिसेंबरात मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचं अधिवेशन झालं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. गंमत पाहा, ही कॉन्फरन्स सर सय्यद यांनी काढलेली. राजकारणात ज्यांच्याशी जुळलं नाही त्यांच्या तालीमच्या कामात ते अध्यक्ष म्हणून आले. तिथेही त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा मांडला आणि हिंदुस्तानात पाळला जाणारा कडक पडदा हा शरियतने सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडचा आहे असं स्पष्ट सांगितलं. श्रोत्यांत नाराज होणारे बरेच होते. पडद्याच्या प्रश्नावर आपल्या वाचकांत आजही वेगवेगळी मतं आहेत, ती असोत. पण मुलीला शिकवण्यासाठी त्यांनी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

त्यांचं घर होतं वॉर्डन रोडवर, कंबाला हिलच्या उतारावर, सॉमरसेट हाऊस. पुढे ते घर इतरांच्या हाती गेलं आणि शेवटी तिथे सोफिया कॉलेज आलं. म्हणजे ज्या घरातून न्यायमूर्तींच्या मुली शाळेत जायला निघायच्या, तिथे आज हजारो मुली कॉलेजला येतात. आमची एक जुनी विद्यार्थिनी तिथे शिकली. कॉलेजात तीन वर्षं काढून तिला ही गोष्ट माहीत नव्हती. आम्ही सांगितल्यावर तिने आधी विश्वासच ठेवला नाही.

डोळ्यांनी मात्र शेवटपर्यंत त्रास दिला. ज्या माणसाचं सगळं काम कागद वाचण्याचं, त्याला आयुष्यभर नजरेशी झगडावं लागलं. १९०६ मध्ये ते रजेवर लंडनला होते. १९ ऑगस्टला तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने इंतकाल झाला. वय एकसष्ट.

मुलगा फैज तैयबजी यांनीही कायद्याचीच वाट धरली, न्यायाधीश झाले, आणि मुस्लिम कायद्यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ वारसा, निकाह, वक्फ यांच्या खटल्यांत वकील आजही उघडतात. पुतणे अब्बास तैयबजी बडोद्याच्या संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. निवृत्त होऊन नातवंडं खेळवायच्या वयात ते गांधीजींबरोबर गेले. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या मिठाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. पांढरी शुभ्र दाढी, अंगावर खादी. पोलिसांनी त्यांना वाटेतच पकडलं आणि एकेकाळचे मुख्य न्यायाधीश आरोपी म्हणून तुरुंगात गेले.